५४४ स्टेपांतला कालवा

एप्रिल १९८८. मीटर गेजच्या डब्यातून तुम्ही नांदेडच्या फलाटावर उतरता आणि सवयीने हात खिशाकडे जातो. मोबाईल नाही. तो यायला अजून बरीच वर्षं आहेत. खिशात रुमाल आहे, सुटे पैसे आहेत, आणि शर्टच्या आत, बनियनला चिकटून, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं. हैदराबादच्या मावसभावाने काल रात्री हातात दिलंय. त्याचा कुणी दोस्त आखातात नोकरीला, त्याने येताना आणलेलं. "जपून वापर, इथं रिपेर करणारा कुणी भेटणार नाही," एवढीच सूचना.

नांदेडचा माणूस चांगली वस्तू आणायला मुंबईला जात नाही, हैदराबादला जातो. निजामाचं राज्य १९४८ च्या सप्टेंबरात संपलं, पण नातेवाईक, दवाखाने आणि दुकानं अजून तिकडेच आहेत. गाडीही रात्रभरात तिकडेच पोचवते. त्यामुळे जपानी यंत्र नांदेडला आलं ते त्या दोस्ताच्या विमानाने आखातातून आणि तुमच्या मीटर गेजने काचीगुड्याहून, यात कुणालाच नवल वाटत नाही.

विष्णुपुरीची बस धरा. शहर मागे पडतं, ऊन वाढतं, आणि श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या फाटकाशी तुम्ही उतरता. कॉलेज १९८१ चं, म्हणजे अजून नवंच. झाडं खांद्याएवढी. जवळच गोदावरी. तुम्ही सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहात आणि सबमिशनं डोक्यावर बसली आहेत.

हॉस्टेलच्या खोलीत पुडकं सोडता. वीतभर लांब, सेंटिमीटरभर जाड, करड्या-चंदेरी रंगाची पट्टी. कॅसिओ पीबी-१००. डाव्या बाजूला टाइपरायटरसारखी इंग्रजी अक्षरांची बटणं, उजवीकडे आकड्यांची, वर एक ओळीची काच. त्या काचेत एका वेळी १२ अक्षरं मावतात. तेरावं आलं की पहिलं डावीकडे सरकून नाहीसं होतं.

अहमदपूरचा तुमचा रूम पार्टनर मच्छरदाणीतून मान बाहेर काढतो.

"काय आणलंस रे?"

"कॉम्प्युटर."

"एवढुसा? ह्याच्यात रामायण लागतं का रविवारी?"

रामायण लागत नाही. त्याच्यासाठी रविवारी सकाळी मेसच्या टीव्हीपुढे जागा धरावी लागते. ह्याच्यात लागतं ते बेसिक. शार्पच्या पीसी-१२११ ने १९८० साली बेसिक भाषा पहिल्यांदा खिशात आणली आणि दोन-तीन वर्षांत कॅसिओने हे स्वस्तातलं भावंड काढलं, विद्यार्थ्यांसाठी. त्याआधी प्रोग्रॅम करता येणारे कॅल्क्युलेटर होतेच. ह्युलेट-पॅकार्डचं एचपी-६५ तर १९७४ चं, चुंबकी पट्टीवर प्रोग्रॅम साठवणारं. १९७५ साली अपोलो-सोयूझच्या भेटीत ते अंतराळातही जाऊन आलं. पण त्यांना बटणांची भाषा लागायची. पीबी-१०० ला 'इफ', 'देन', 'गो टू' कळतं. कॉलेजच्या कॉम्प्युटर सेंटरात चपला बाहेर काढून, वहीत सही करून, वेळ ठरवून जे शिकायचं, ते आता गादीवर पालथं पडून करता येणार आहे.

बटण सरकवा. काचेत उमटतं: रेडी पी०.

बाकी काही नाही. चिन्हं नाहीत, मेनू नाही, स्वागताचं संगीत नाही. यंत्र तयार आहे आणि काय करायचं ते तुम्ही सांगायचंय. पी० म्हणजे पहिला कप्पा. असे दहा कप्पे, पी० ते पी९. दहा वेगळे प्रोग्रॅम ठेवता येतात, पण सगळ्यांत मिळून जागा ५४४ स्टेपांची. ५४४ किलोबाइट नव्हे, नुसते ५४४. 'प्रिंट' हा अख्खा शब्द एक स्टेप खातो, 'स्क्वेअर रूट' एक, प्रत्येक अक्षर आणि आकडा एक, ओळीचा क्रमांक दोन, आणि ओळ संपवण्याचं बटण दाबलं की आणखी एक. ए ते झेड ही २६ नावं आकडे साठवायला आयती मिळतात.

आता तुम्हाला हवंय ते सांगते. इरिगेशनच्या सबमिशनमध्ये कालव्याचा प्रश्न आहे. तळाची रुंदी दिलेली, बाजूंचा उतार दिलेला, कालव्याचा ढाळ दिलेला, किती पाणी वाहायचं तेही दिलेलं. विचारलंय: पाणी किती खोल असेल? मॅनिंगचं सूत्र तुम्हाला पाठ आहे. वेग म्हणजे खडबडीतपणाच्या आकड्याने भागलेला जलीय त्रिज्येचा दोन-तृतीयांश घात गुणिले ढाळाचं वर्गमूळ. गोची अशी, की खोली ही सूत्राच्या पोटात तीन ठिकाणी लपलेली. क्षेत्रफळात आहे, ओल्या परिघात आहे, त्रिज्येत आहे. ती एका बाजूला ओढून काढता येत नाही. अंदाजे खोली धरायची, पाणी काढायचं, कमी आलं तर खोली वाढवायची, जास्त आलं तर कमी करायची. साध्या कॅल्क्युलेटरवर एका कालव्याला अर्धा तास जातो, आणि सबमिशनला तुमचा एकच कालवा नाही.

हा नुसता पुस्तकातला प्रश्न नाही, हे विष्णुपुरीत राहून तुम्हाला कुणी समजवायला नको. गोदावरीचं पाणी उचलून कालव्यात टाकणाऱ्या उपसा सिंचन प्रकल्पाला ह्याच गावाचं नाव आहे. राज्याचे मुख्यमंत्री आज नांदेडचेच, शंकरराव चव्हाण. पाटबंधाऱ्यांचं वेड असलेला माणूस. वरच्या अंगाला पैठणचं जायकवाडी धरण १९७६ मध्ये पुरं झालं, तेही त्यांच्याच ध्यासातलं. मराठवाड्यात सिव्हिल शिकायचं म्हणजे आधी पाणी शिकायचं.

मोड दाबून १ दाबा. आता यंत्र लिहून घेण्याच्या तयारीत आहे. पण लगेच बटणांवर तुटून पडू नका. आधी वही. बारा अक्षरांच्या काचेतून तुम्हाला तुमचाच प्रोग्रॅम एका वेळी अर्ध्या ओळीएवढा दिसणार आहे. जे डोक्यात आणि कागदावर सरळ नाही, ते त्या फटीतून सरळ करता येत नाही.

वहीत असं उतरतं. दहाव्या ओळीत पाच गोष्टी विचारायच्या: तळाची रुंदी बी, बाजूंचा उतार झेड, खडबडीतपणा एन, ढाळ एस, प्रवाह क्यू. विसाव्या ओळीत दोन कुंपणं घालायची, खालचं एल शून्यावर आणि वरचं एच दहा मीटरवर. खरी खोली ह्या दोघांच्या मध्ये कुठेतरी असणार. तिसाव्या ओळीत दोघांचा मध्य काढायचा, त्याला वाय म्हणायचं. चाळिसाव्या, पन्नासाव्या, साठाव्या ओळीत क्षेत्रफळ, परीघ आणि प्रवाह. मग एकच प्रश्न: आलेला प्रवाह हव्या त्यापेक्षा कमी आहे का? कमी असेल तर खालचं कुंपण उचलून वायवर आणायचं, नसेल तर वरचं कुंपण खाली ओढून वायवर. दोन कुंपणांत एक मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर उरलं असेल तर पुन्हा तिसावी ओळ. नाहीतर वाय छापून मोकळं व्हायचं.

बोटाने मोजा. सगळं मिळून एकशे साठच्या आसपास स्टेप. ५४४ तला एक तृतीयांशही नाही. शेवटच्या ओळीत आकड्याआधी 'वाय=' अशी अक्षरं छापायचा मोह होतो. छापू नका. उणे चिन्हासाठी सोडलेली एक जागा धरून आकड्यालाच ११ घरं लागतात. दोन अक्षरं वाढवलीत की उत्तराचं शेपूट काचेबाहेर जाईल.

आता टायपिंग. बटणं बाजरीच्या दाण्यांपेक्षा फार मोठी नाहीत. घामेजलेलं बोट सटकतं. खिडकीला ओलं पोतं लावलंय, पंखा आहे, पण वीज आहेच असं नाही. ह्या बाबतीत मात्र तुम्ही आज राजे आहात. वीज गेली की कॉम्प्युटर सेंटर बंद पडतं. तुमचं यंत्र दोन बटण सेलांवर चालतं आणि बंद केलं तरी लिहिलेलं विसरत नाही. मध्येच विसरून झोपी गेलात तर काही मिनिटांनी स्वतःच बंद होतं.

मोड, ०. रन. पाच प्रश्नांना पाच उत्तरं देता. मग काचेत:

ईआरआर२ पी०-६०

म्हणजे पी० कप्प्यात साठाव्या ओळीत भाषेची चूक. कुठली ते यंत्र सांगत नाही. साठावी ओळ उघडून बाणाच्या बटणाने एक-एक अक्षर सरकवत जाता. दोन-तृतीयांशाच्या कंसाला शेवटचा अर्धा कंस नाही. तो घालता. पुन्हा रन.

तळाची रुंदी ३ मीटर. बाजूंचा उतार दीडास एक. काँक्रीटचं अस्तर, म्हणून खडबडीतपणा ०.०१८. ढाळ चार हजारांत एक, म्हणजे ०.०००२५. प्रवाह सेकंदाला ५ घनमीटर.

काच कोरी होते. यंत्र विचारात पडलंय. आजच्या फोनच्या चिपला ह्या कामाला लागणारा वेळ मोजताही यायचा नाही, पण इथे घातांक काढणं हे चार बिटांच्या प्रोसेसरला खरोखरीचं ओझं आहे आणि ते दिसतं. थांबा. चौदा फेऱ्या आहेत.

१.२९६९९७०७

एक मीटर तीस सेंटिमीटरला जरा कमी. हाताने ताळा करून बघता. खोली १.३ धरली तर पाणी ५.०२ येतं. बरोबर आहे.

अर्ध्या तासाचं काम मिनिटात झालं ही गंमत खरी, पण त्याहून मोठी गंमत पुढे आहे. तिसाव्या ओळीनंतर एक 'प्रिंट वाय' घुसवा. ह्या यंत्राची एक खोड आहे: 'प्रिंट' केलं की ते आकडा दाखवून थांबतं आणि तुम्ही बटण दाबेपर्यंत पुढे सरकत नाही. आता दाबत जा. ५. दाबा. २.५. दाबा. १.२५. पाणी कमी पडलं, म्हणून उलट वर: १.८७५. मग १.५६२५. १.४०६२५. १.३२८१२५. पुन्हा खाली, १.२८९०६२५. यंत्र कुठे डावीकडे वळलं, कुठे उजवीकडे, का वळलं, हे सगळं तुम्ही तुमच्या बोटाने चालवताय. गणिताच्या तासाला फळ्यावर ही रीत शिकवली होती तेव्हा पेंग आली होती. आता रात्रीचा एक वाजलाय आणि झोप कुठे गेली कळत नाही.

"काय करायलास रातभर?" मच्छरदाणीतून आवाज.

"कालवा भरायलोय."

"मग माझाबी भर. माझी रुंदी चार हाय."

मी ह्या जागी थोडी रेंगाळते, कारण पुढच्या काळात ही गोष्ट इतक्या स्वच्छपणे दिसत नाही. पीबी-१०० मध्ये मॅनिंग आधीपासून भरून ठेवलेला नव्हता. कालवा म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं. तुम्ही जेवढं सांगितलं तेवढंच त्याला आलं, आणि तुम्हाला जे नीट येत नव्हतं तिथेच ते अडलं. असं आरपार दिसणारं यंत्र नंतर माझ्या तरी हाती आलेलं नाही. जुन्या वस्तूंचं कौतुक करणाऱ्यांतली मी नाही. ह्या पट्टीची बटणं वाईट होती, आणि कॅसेटवर प्रोग्रॅम उतरवायला लागणारा वेगळा जोड विकत घ्यायची ऐपत कुणाची नव्हती. पण सूत्र पाठ असणं आणि सूत्र कळणं ह्यांतलं अंतर त्या बारा घरांत लख्ख दिसायचं.

परीक्षेला मात्र ते नेऊ नका. प्रोग्रॅम करता येणारं यंत्र वर्गात चालत नाही. तिथे पुन्हा हात आणि लॉग टेबल.

आता साडेपाच वर्षं पुढे. ऑक्टोबर १९९३ उलटून गेलाय, थंडी पडलीये, आणि तुम्ही लातूरच्या गंजगोलाईजवळ जीप येण्याची वाट बघताय. सोळा रस्ते जिथे येऊन मिळतात त्या गोल बाजारात आज नेहमीचा गलका नाही. तुम्ही आता विद्यार्थी नाही. सर्व्हेच्या तुकडीत कामाला लागलेले ज्युनिअर आहात. जीप औशावरून, लामजन्यावरून किल्लारीकडे निघते.

३० सप्टेंबरच्या पहाटे चार वाजायला चार मिनिटं असताना जमीन हलली. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक घरी येऊन झोपले होते. रिश्टर मापावर सहाच्या थोडा वर, म्हणजे जगाच्या हिशेबात फार मोठा भूकंप नव्हे. पण मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वर उन्हाळ्यात गारवा देणारी मातीची वजनदार माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. ज्यांनी ते पाहिलं त्यांनी लिहिलेलं आहे.

तुमचं काम नव्या गावाचं आहे. सगळ्यात जास्त पडलेली गावं मूळ जागेवर न बांधता दुसरीकडे हलवायचं ठरलंय. राज्य सरकारचा कार्यक्रम, जागतिक बँकेचं कर्ज, देशभरातल्या संस्थांची मदत. जमीन किती त्यावर घर: भूमिहीनाला २५० चौरस फूट, थोडी जमीन असणाऱ्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. त्याआधी मोकळ्या रानात खुंट्या ठोकायच्या, रस्ते आखायचे, प्लॉट पाडायचे. थिओडोलाइट, ३० मीटरची टेप, लाल-पांढरे बांबू, चुन्याची पिशवी. आणि तुमच्या खिशात, शिवलेल्या कापडी पाकिटात, तीच पट्टी.

पी० मध्ये अजून मॅनिंग आहे, पुसवत नाही. पी१ मध्ये आता ट्रॅव्हर्स आहे. एका खुंटीवरून दुसरीकडे कोन आणि अंतर मोजायचं. अंतर गुणिले कोनाची कोसाइन म्हणजे उत्तरेकडे किती, गुणिले साइन म्हणजे पूर्वेकडे किती. सगळ्या बाजू फिरून पहिल्या खुंटीवर परत आलात की उत्तर-दक्षिण बेरीज शून्य यायला हवी, पूर्व-पश्चिमही शून्य. येत नाही. जेवढं उरतं तेवढी तुमची चूक, आणि ती जिथल्या तिथे, खुंटी उपटायच्या आत कळलेली बरी. संध्याकाळी लातूरच्या ऑफिसात टेबलावर बसून कळली तर उद्या पुन्हा सत्तर-ऐंशी किलोमीटरची जाऊन-येऊन जीप.

कोन घालायची एक युक्ती सर्व्हेवाल्यांत सगळ्यांना ठाऊक असते. ४७ अंश २३ मिनिटं ४० सेकंद हे ४७.२३४० असं एकाच आकड्यात ठोकायचं. प्रोग्रॅम पूर्णांक बाजूला काढतो, ४७. उरलेल्याला शंभराने गुणतो, २३.४०, त्यातून २३. उरलेल्याला पुन्हा शंभराने गुणतो, ४०. मग साठाने आणि छत्तीसशेने भागून बेरीज: ४७.३९४४. हीच युक्ती ऑफिसच्या पीसीवर बेसिकमध्ये केलीत तर कधीमधी ४० च्या जागी ३९ येतं, कारण पीसी आतून दोनाच्या पटीत मोजतो आणि .२३४० त्याला काटेकोर लिहिता येत नाही. कॅसिओची पट्टी आतून दहाच्याच पटीत मोजते, तुमच्या-माझ्यासारखी. चाळीसचे चाळीसच राहतात.

दुपारी बाभळीखाली डबा सोडता. एक म्हातारे बाबा जवळ येऊन उकिडवे बसतात. बराच वेळ चुन्याच्या रेघांकडे बघत राहतात.

"सायब, माझं दार कुणाच्या दारापुढं येणार हाय?"

तुमच्याकडे प्लॉट नंबर आहेत. प्रत्येक कोपऱ्याचे पूर्व-उत्तर आकडे सेंटिमीटरपर्यंत आहेत. दार कुणाच्या दारापुढे, ह्याचं उत्तर पी१ मध्ये नाही. तो प्रश्न कुणी त्यात घातलेलाच नव्हता. पुढे अभ्यासकांनी ह्या नव्या गावांबद्दल हीच तक्रार नोंदवली: सरळ रस्ते, चौकोनी आखणी, लांब-लांब घरं, आणि भावकी, गल्ली, पार, सावली ह्यांचा विचार कमी. माझं मत विचाराल तर चौकोन आखायला सोपा पडतो हे त्याचं एक खरं कारण होतं. काटकोनात आखलं की ट्रॅव्हर्स पटकन जुळतो. गल्लीचं वाकण जुळवायला वेळ लागतो, आणि पावसाआधी छप्पर हवं होतं.

२००४ मध्ये फार थांबायचं नाही, फक्त दुकानाच्या काचेतून बघा. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन, व्ही. विनय आणि एन्कोर सॉफ्टवेअरची मंडळी ह्यांनी मिळून आखलेला सिंप्युटर. लिनक्सवर चालणारा, काडीने लिहायचा, भारतीय भाषा वाचून दाखवणारा, स्मार्ट कार्ड घालून अख्ख्या गावाने वाटून वापरायचा हातातला संगणक. २००१ मध्ये दाखवला तेव्हा परदेशी वर्तमानपत्रांनीही डोक्यावर घेतला. मार्च २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने 'अमिडा' नावाने बाजारात आणला, सगळ्यात साधा दहा हजारांच्या आसपास. किल्लारीच्या त्या बाबांसारख्यांसाठीच तो योजला होता. खपले मोजके हजार. तोवर मोबाईल स्वस्त झाला होता, आणि वाटून वापरायच्या यंत्रापेक्षा स्वतःच्या खिशातलं साधं यंत्र लोकांना आवडलं. हुशार माणसांनी मनापासून केलेलं काम होतं, पण माझ्या मते एक गणित चुकलं: गरिबालासुद्धा आपली वस्तू आपलीच हवी असते. हॉस्टेलच्या त्या रात्री पट्टी सामायिक असती, तर तुम्ही एक वाजेपर्यंत जागला असता का?

आता एप्रिल २०१६, लातूर. नळाला पाणी नाही. मांजरा धरणाचा तळ उघडा पडलाय. टाक्यांभोवती गर्दी नको म्हणून जमावबंदी लावलीये. आणि मिरजेहून रेल्वेने पाणी येतंय. मिरज ते लातूर ही वाट जुनी. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९११ साली लातूरला पोचली आणि १९२७ पासून मिरजेपर्यंत जोडली गेली. तीच वाट आता ब्रॉड गेज झालीये आणि तिच्यावरून पाण्याचे टँकर येताहेत. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. स्टेशनवर लोकांनी हार घातले.

तुमच्या केसांत आता पांढरं जास्त आहे. कपाटातून पट्टी काढता, नवे सेल घालता. प्रोग्रॅम कधीच पुसले गेलेत, पण वही आहे. दहावी ओळ, विसावी ओळ, तिसावी. ह्या वेळी अर्धा कंस विसरत नाही. तेच आकडे: तीन मीटर, दीडास एक, ०.०१८, चार हजारांत एक, पाच घनमीटर. १.२९६९९७०७. अठ्ठावीस वर्षांनी शेवटच्या आकड्यापर्यंत तेच.

मग सहज एक भागाकार करता. पाच लाख लिटर म्हणजे ५०० घनमीटर. सबमिशनमधल्या त्या कालव्यातून सेकंदाला पाच घनमीटर वाहायचं धरलं होतं. म्हणजे देशभर गाजलेली ती अख्खी गाडी त्या कागदावरच्या कालव्याने शंभर सेकंदांत भरली असती. तो भागाकार करायला प्रोग्रॅम लागत नाही. पण हॉस्टेलमध्ये 'क्यू' विचारल्यावर ५ ठोकताना, एवढं पाणी येणार कुठून, हे तुम्ही एकदाही विचारलं नव्हतं. दिलेलं होतं, म्हणून धरलं. मराठवाड्यातल्या कालव्यांच्या गणितात सगळ्यात कच्चा आकडा तोच निघाला, आणि तो नेमका यंत्राला आपण बाहेरून पुरवलेला होता.

इथे तुम्हाला सोडते आणि आजच्या तारखेला आणते. पीबी-१०० बनायचं बंद होऊन दशकं झाली. जुन्या बाजारात, परदेशी लिलावात अजून मिळतो. काहींच्या काचेवर कडेने काळा डाग पसरत आलेला असतो, तसला घेऊ नका, तो थांबत नाही. नुसती चव बघायची असेल तर अशा यंत्रांची नक्कल करणारे प्रोग्रॅम फोनवर, कॉम्प्युटरवर मिळतात. त्यात बटणं सटकत नाहीत, तेवढं उणं. घरात कुणी सातवीपासून पुढचं मूल असेल तर त्याला ह्या कुंपणांच्या रीतीने दोनाचं वर्गमूळ काढायला लावा: खालचं कुंपण एकावर, वरचं दोनावर. वीसेक ओळी लिहायला लागणार नाहीत. प्रत्येक फेरीला थांबून आकडा दाखवायला मात्र लावा.

आणि नांदेड-लातूरकडच्या, ऐंशी-नव्वदच्या दशकात इंजिनिअरिंग केलेल्या मंडळींना एक विनंती. कॅसिओ असो, शार्प असो, कपाटाच्या तळाशी तुमची पट्टी असेल तर ह्या आठवड्यात बाहेर काढा. सुरू झाली तर आधी आतले प्रोग्रॅम वहीत ओळीओळीने उतरवून घ्या, कारण सेल काढले की ते जातात. मग सेल काढून टाका आणि कापसाने पत्रे पुसा. गळलेल्या सेलाने आतली पट्टी खाल्ली तर ती दुरुस्त करणारा नांदेडला तेव्हाही नव्हता, आताही नाही.